परत फिरणाऱ्याकडे पुरावा नसतो

हरिहरेश्वरच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट आधी टेकडीवर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्रात शिरल्यासारखी खाली उतरते. खाली पोचलात की एका अंगाला काळा उभा कडा, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, आणि मध्ये लाटांनी घासून घासून सपाट केलेला कातळ. कड्याच्या भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली. खारं वारं आणि पाणी दगडाचं काय करू शकतं ते तिथे हात लावून बघता येतं. वाट लांब नाही. पण तिची एक अट आहे: ओहोटी असली पाहिजे. भरतीच्या लाटा सरळ कड्यावर आपटतात आणि अधल्यामधल्या टप्प्यावर वर चढून जायला जागा नाही. मागे पायऱ्या, पुढे देवळाकडचा किनारा, बस्स. या कातळावरून माणसं वाहून गेलेली आहेत. तसा इशारा देणारी पाटीही आहे. आपल्याकडे पाट्यांचं जे होतं तेच तिचंही होतं, लोक तिला टेकून फोटो काढतात.

मी त्या पायऱ्यांच्या तोंडाशी दोनदा उभा राहिलोय. एकदा परत फिरलो, एकदा उतरलो. परत फिरलो तो निर्णय बरोबर होता आणि त्या दिवशी आम्ही सगळे चिडलो होतो. उतरलो तो निर्णय चूक होता आणि ती आजही आमच्या ग्रुपची सगळ्यात लाडकी ट्रिप आहे. यातलं काहीतरी मला बरेच दिवस टोचतंय.

पहिली वेळ ऑक्टोबरची. परतीच्या पावसाचे दिवस. या दिवसांत कोकणात सकाळ लख्ख असते, दुपारी उकडतं, आणि मग सह्याद्रीवर ढग चढत जाऊन संध्याकाळी गडगडत पश्चिमेला उतरतात. म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर आभाळ निळंशार दिसतं. जे यायचं ते पाठीमागून येतं. आणि कड्यावर उभा राहिलेला माणूस, हे सांगायला नको, पाठीमागे बघत नाही.

आम्ही नऊ जण, दोन गाड्या, पुण्याहून पहाटे निघालेलो. ताम्हिणीत एक ट्रक आडवा, पुढे माणगावात गर्दी, त्यामुळे जेवायलाच तीन वाजले. ज्या घरगुती खानावळीत जेवलो तिथल्या काकूंनी ताट उचलता उचलता विचारलं, “प्रदक्षिणेला जाणार? आज बारस. बारा पाऊण नऊ. नवाला भरती, म्हणजे तीनाला सुकती. सुकती झाली की रे आता.” तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. ॲपमधल्या आकड्याशी तो पाव-अर्ध्या तासाच्या फरकाने जुळतो, मी नंतर ताडून पाहिलाय. सुकती म्हणजे ओहोटी. काकू सांगत होत्या की तीनची वेळ आम्ही सोलकढीत घालवली.

पायऱ्यांशी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. खाली पाणी लांब दिसत होतं. इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती मलाही तेव्हा माहीत नव्हती. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. ढोबळमानाने पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे सुरुवातीला पाणी हललंसुद्धा नाही असं वाटतं आणि तुम्ही मध्यावर पोचता तेव्हा ते धावायला लागतं. साडेचारला पाणी लांब असणं हा काही दिलासा नव्हता.

आमच्यातल्या एकीने मात्र पाण्याकडे पाहिलंच नाही. (तिचं नाव लिहीत नाही. पुढे ग्रुपमध्ये तिला जे नाव पडलं ते लिहितो.) ती मागे वळून उभी होती. पूर्वेला आभाळ काळंनिळं झालं होतं. एकदा चमकलं. ती पुटपुटत मोजायला लागली आणि गडगडाट ऐकू आल्यावर म्हणाली, “तेरा. साधारण चार किलोमीटर.”

“कुठे चार किलोमीटर, कुठे आपण,” कुणीतरी म्हणालं.

“ऐकू येतंय म्हणजे आपण तिच्या पट्ट्यात आहोत. आणि भरती लागलीय. मी नाही येत. तुम्हीपण जाऊ नका असं मला वाटतं.”

“अगं, पाणी बघ ना कुठंय!”

“पाणी आत्ता कुठंय ते मला दिसतंय. आपण मध्यावर असू तेव्हा कुठे असेल ते सांग.”

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून सगळे थोडे रागावले. दहा मिनिटं घासाघीस झाली. शेवटी आमचा लीडर म्हणाला, “चला, एक जण नाही म्हणतोय तर नको.” चांगला नियम आहे हा, आणि त्याने तो पाळला याचं श्रेय त्याला. आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसलो.

अर्ध्या तासात ढग दक्षिणेला सरकले. एक थेंब पडला नाही. पश्चिमेला असं काही सोनं पसरलं की विचारू नका. आणि नेमका त्याच वेळी दुसरा एक ग्रुप, चांगला पंधरा-वीस जणांचा, आमच्यासमोर कातळावरून हसत-ओरडत चालत आला. कोरडे, आनंदी. त्यांच्यातल्या एका मुलाने आम्हाला विचारलं, “दादा, तुम्ही नाही गेलात? खूप भारी आहे.”

परतीच्या प्रवासात ताम्हिणी चढेपर्यंत तिचं नाव ‘हवामान खातं’ पडलं होतं. ती हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उन्हाचा फोटो टाकून खाली लिहिलं, “अतिमुसळधार पावसाची शक्यता.” त्याखाली नऊपैकी सात जणांचे हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. त्यांतला एक माझा.

पुढच्या वर्षी ट्रिप ठरवायची वेळ आली तेव्हा मी नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. जुना होताच, पण नवा काढला. त्यात ती नव्हती. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कुणाला काढून टाकायचं तर तसं चारचौघांत करावं लागतं. नव्या ग्रुपमध्ये न घेणं ही फार सोयीची गोष्ट आहे, ती कुणी केली असं म्हणताच येत नाही.

दुसरी वेळ सप्टेंबरअखेरची. सर्वपित्री अमावस्येचा आदला दिवस. पाऊस जायचा होता आणि समुद्र अजून पावसाळ्यातलाच, मातकट आणि जड. दिवसभर ऊन, मग सर, मग पुन्हा ऊन, असा खेळ चाललेला. अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती, म्हणजे पाणी जास्त खाली जातं आणि जास्त वर येतं, आणि तेवढ्याच वेळात. हा हिशेब एव्हाना मला येत होता. चतुर्दशी, चौदा पाऊण साडेदहा, म्हणजे पावणेपाचच्या आसपास सुकती. आम्ही पायऱ्या उतरलो पावणेसहाला.

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

कुणाला तरी ड्रोन उडवायचा होता. वारा होता म्हणून तो दोनदा उडवून दोनदा उतरवला. साडेसहाला आम्ही वाटेच्या मध्यावर होतो, सूर्य ढगात, आणि अचानक अशी सर आली की पुढचा माणूस दिसेना. कातळावर शेवाळ असतं, ते ओलं झालं की त्यावर बूटही धरत नाहीत. कातळाला चिकटलेली कालवं पात्यासारखी धारदार असतात, त्यामुळे हात टेकायचीही सोय नाही. एक लाट आली ती घोट्यापर्यंत. आम्ही ओरडलो, मजेतच. पुढची गुडघ्याच्या वर आली आणि परत जाताना तिने आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याला, जेमतेम बावीसचा पोरगा, उताणा पाडून घळीकडे ओढत नेलं. तो माझ्या शेजारी होता. माझ्या हाताला त्याच्या सॅकचा पट्टा लागला. मी धरला. दुसऱ्या हाताने काय धरलं ते कळलं नाही, नंतर तळव्यात कालवांचे काप दिसले तेव्हा कळलं. पाणी ओसरलं. तो उठला. आम्ही कड्याला चिकटून, एकमेकांचे हात धरून, पुढच्या वीस मिनिटांत किनाऱ्यावर आलो.

नुकसान: एक मोबाईल, एक चप्पल, माझे दोन टाके. ड्रोन शाबूत.

रात्री ती ट्रिप ‘एपिक’ झाली होती. पट्टा धरल्याचं दृश्य कुणाच्याच कॅमेऱ्यात नव्हतं, त्यामुळे ते दर वेळी सांगताना थोडं वाढत गेलं. त्या पोराने मला मिठी मारून “भावा, तू होतास म्हणून” असं म्हटलं. मी त्याला म्हणालो नाही की मी होतो म्हणूनच तू तिथे होतास. वेळ माहीत असलेला मी एकटाच होतो.

त्या सॅकच्या पट्ट्याला प्लॅस्टिकचं बकल होतं. तसल्या सॅक दुकानाबाहेर लटकवून विकतात, त्यांची बकलं पहिल्या महिन्यात तुटतात. ते तुटलं नाही. माझा सगळा प्रश्न त्या बकलात अडकलाय.

समजा ते तुटलं असतं. मी केलं असतं तेच, जे मी केलं: तोच हिशेब माहीत असणं, तेच गप्प बसणं, तोच हात पुढे करणं. माझ्याकडून एका केसाचाही फरक नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ‘भावा’ राहिलो नसतो. त्याच्या आईसमोर मी उभा राहू शकलो नसतो. पेपरात ‘अतिउत्साही पर्यटक’ आलं असतं. तर मग मी नक्की कोण आहे? जो माणूस मी आहे तो एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर कसा ठरतो?

हा प्रश्न माझा नाही, हे कळलं तेव्हा थोडं बरं वाटलं. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच मथळ्याचे दोन निबंध वाचले. मथळा होता ‘मॉरल लक’, नैतिक नशीब म्हणू. नेगेलचं म्हणणं थोडक्यात असं की जे आपल्या हातात नव्हतं त्यावरून कुणाला दोष देऊ नये, हे आपण सगळेच मानतो, आणि प्रत्यक्षात मात्र रोज त्यावरूनच दोष देतो. ब्रेक तपासायचे राहून गेलेला ड्रायव्हर. एकाच्या गाडीसमोर मूल धावत येतं, दुसऱ्याच्या येत नाही. हलगर्जी दोघांची सारखी. एक आयुष्यभर कुणाचा तरी जीव घेतलेला माणूस, दुसरा जेवून झोपतो. त्याला आपण हलगर्जीदेखील केली होती हे कळतही नाही.

आपल्याकडे फळाची आशा न धरता कर्म करावं असं लहानपणापासून ऐकवतात. ते गीतेतलं वाक्य मी चहाच्या मगावर पाहिलंय, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी एका काकांच्या स्टेटसवरही पाहिलंय, आणि त्याच काकांनी खाली माझे टक्के विचारले होते. निर्णयाची परीक्षा निकालावरून करायची सवय इतकी खोल आहे की ती सवय आहे हेच दिसत नाही. १९८८ मध्ये जॉनथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका डॉक्टरने घेतलेला शस्त्रक्रियेचा निर्णय सांगितला, त्यावेळी डॉक्टरला काय माहीत होतं तेही सांगितलं. काहींना सांगितलं रुग्ण बरा झाला, काहींना सांगितलं दगावला. निर्णय तोच, माहिती तीच, तरी रुग्ण बरा झाला हे कळलेल्या लोकांना तो निर्णय जास्त चांगला वाटला. ऑक्टोबरात ऊन पडल्यावर आम्ही तिच्याबाबतीत हेच केलं. ती पायऱ्यांवर उभी होती तेव्हा ऊन पडणार हे तिला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. दुसऱ्या ग्रुपलाही नव्हतं. पण ऊन पडल्यावर असं झालं की जणू त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

आता इथवर बरेच जण मान डोलावतील. पण मला त्यापुढची एक गोष्ट जास्त छळते.

उतरणाऱ्याला कधी ना कधी पुरावा मिळतो. वाचला तर “बघ, काही झालं नाही.” मेला तर तोही पुरावाच, उलट बाजूचा. परत फिरणाऱ्याला काय मिळतं? वादळ आलंच तर तो तेव्हा किनाऱ्यावर चहा पीत असतो, आणि आपण तिथे असतो तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. वादळ आलं नाही तर तो भित्रा. त्याने जे टाळलं ते घडलंच नाही, आणि जे घडलंच नाही ते दाखवणार कसं? ‘काही झालं नाही’ हेच तीन शब्द, उतरणाऱ्याच्या तोंडी विजय आणि परत फिरणाऱ्याच्या तोंडी फजिती.

याची एक फार मोठी किंमत मोजलेली गोष्ट समुद्रापासून लांब, एव्हरेस्टवर घडली. रॉब हॉल हा न्यूझीलंडचा नावाजलेला मार्गदर्शक. १९९५ साली त्याने आपल्या गिऱ्हाइकांना शिखराच्या खाली, साउथ समिटवरून परत फिरवलं. उशीर झाला होता. त्यात डग हॅन्सन नावाचा अमेरिकेतला एक टपाल कर्मचारी होता. सगळे जिवंत खाली आले. म्हणजे तो निर्णय बरोबर होता, पण त्याला पुरावा नव्हता. होतं ते फक्त हुकलेलं शिखर. पुढच्या वर्षी हॅन्सन पुन्हा आला, हॉलनेच त्याला यायचा आग्रह केला होता. १० मे १९९६ ला हॅन्सन शिखरावर पोचला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. परत फिरायची वेळ केव्हाच उलटली होती. हॉल त्याच्यासाठी थांबला. वादळ आलं. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात एकूण आठ जण गेले. हॉलच्या मनात काय होतं हे सांगायचा मला अधिकार नाही. मला एवढंच दिसतं की आदल्या वर्षीचा बरोबर निर्णय या वर्षी कर्ज होऊन आला होता. आमच्या दुसऱ्या ट्रिपला पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं होतं, “या वेळी तरी उतरू यार.” हे ‘या वेळी तरी’ त्या ऑक्टोबरातून आलं होतं.

उलट बाजू मी विसरलेलो नाही. नेहमी परत फिरणारा माणूस बरोबर असतो असं नाही. तसं असतं तर घरी बसणं हे सगळ्यात मोठं शहाणपण ठरलं असतं, आणि मला ते मान्य नाही. ती सुद्धा काही वेळा जास्तच घाबरते. एकदा राजगडावर निव्वळ धुक्याला ती ‘नको’ म्हणाली होती, तेव्हा आम्ही गेलो, ते योग्यच होतं असं मला अजून वाटतं. धुकं वाट लपवतं, पण तुम्ही थांबलात तर तेही थांबतं. भरती थांबत नाही. खाली कातळावर बसून ‘जरा बघू’ म्हणता येत नाही. मागचं दार तुमच्या चालण्याने बंद होत नाही, घड्याळाने होतं. हा फरक पायऱ्यांवर उभं असतानाच दिसत होता, त्यासाठी निकालाची वाट बघायची गरज नव्हती. निर्णय जोखायचा तर त्या पायरीवर काय दिसत होतं, कुणी काय बोललं, आणि कुणी माहीत असून काय बोललं नाही, यावरूनच जोखता येईल.

मग निकालाचं काहीच मोल नाही का? इथे विल्यम्सचा एक ट्रकवाला आठवतो. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली मूल येतं. आपण त्याला समजावतो, तुझा दोष नाही. पण तो लगेच “हो, खरंय, माझा दोष नाही” म्हणून चहा प्यायला लागला तर आपल्यालाच तो विचित्र वाटेल. जे आपल्या हातून घडलं ते आपलं असतं, दोष असो-नसो. म्हणून मी असं म्हणणार नाही की बकल तुटलं असतं तरी माझ्यावर काही आलं नसतं. आलं असतं, आणि मी ते घेतलं असतं. मला पटत नाही ते उलट दिशेचं: ते तुटलं नाही म्हणून खातं कोरं. जी गोष्ट चुकीची झाली असती तर मी माझी मानली असती, ती बरी झाली तर नशिबाची मानायला नको का? पण ‘एपिक’ म्हणताना आम्ही नशिबाचा वाटा काढून ठेवत नाही. सगळं आपलंच.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने विचारलं, परवानगी कुणी दिली, लक्ष कुणाचं होतं. विचारायलाच हवं होतं. पण त्याआधी आणि त्यानंतर तशाच किती सहली ओल्या कपड्यांत गाणी म्हणत घरी आल्या असतील, त्यांना कुणी काही विचारलं नाही. आम्हालाही नाही. न घडलेल्या गोष्टीची चौकशी समिती नसते.

या वर्षी मी एकटाच पुन्हा तिकडे गेलो होतो. कातळावर नाही, बाणकोटच्या खाडीकडे. जेटीवर एक तांडेलकाका जाळं विणत बसले होते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला होता, म्हणजे वाऱ्यापावसाचा इशारा, आणि आभाळ मात्र स्वच्छ. होड्या सगळ्या आत. मी विचारलं, “काका, बावटा लागला आणि वादळ आलंच नाही असं होतं का?”

“लय वेळा.”

“मग? दिवस फुकट जातो.”

“जातो की.”

“कुणी तुम्हाला बोलत नाही? की उगाच परत आलात, डिझेल जाळलंत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी शहरातलं बोललो असल्यासारखं. “बोलतील कुनाला? बावट्याला? मी एकटा आलोय का परत? सगळीच आली.”

मी बराच वेळ तिथे बसलो. त्यांच्याकडे परत फिरणं ही एकाच्या भित्रेपणाची गोष्ट नाही, कारण ते एकाच्या तोंडून येतच नाही. ते खांबावर चढवलेलं असतं. बावटा चुकला तरी कुणी त्याला टोपणनाव ठेवत नाही, आणि पुढच्या खेपेला नवा बावटा काढून जुन्याला वगळत नाही. (अर्थात समुद्रावरची माणसंही धोका पत्करतात, बावटा असताना बाहेर गेलेल्या होड्यांच्या बातम्याही येतात. त्यांना देवमाणसं करायची मला इच्छा नाही. पोटासाठी जाणं आणि ड्रोनसाठी जाणं यातला फरक मात्र राहतो.) आमच्या ग्रुपमध्ये बावटा नव्हता. बावट्याचं काम एका मुलीने केलं, स्वतःच्या तोंडाने, आठ जणांसमोर. आणि आभाळ स्वच्छ निघालं याची शिक्षा आम्ही तिला दिली.

त्या जेटीवरूनच मी तिला मेसेज केला. दोन वर्षांत पहिला. लांबलचक लिहिला, नेगेलबिगेल घातला, मग ते सगळं पुसून एवढंच लिहिलं की त्या ऑक्टोबरात तू बरोबर होतीस, आणि नवा ग्रुप मी काढला होता.

उत्तर यायला रात्र झाली. “ग्रुपचं माहीत होतं,” तिने लिहिलं होतं. मग जरा वेळाने, “पण बरोबर होते की नाही ते मला अजूनही माहीत नाहीये. ऊन पडलं ना, तेव्हा सगळ्यात जास्त राग मलाच आला होता. स्वतःचा. वाटलं, पडू दे रे बाबा एक वीज, लांब कुठेतरी. मग त्या विचाराचीच भीती वाटली.”

मी काय लिहावं ते सुचेना. दुसऱ्या ट्रिपबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. सर, लाट, पट्टा, बकल. माझे टाके वगळले, मग वाटलं तेही सांगावेत, सांगितले.

तिच्याकडून बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं:

“तिथी कोणती होती?”

“चतुर्दशी. वद्य.”

“म्हणजे साडेदहाला भरती. आणि तू उतरलास किती वाजता?”

मी वेळ टाइप केली. बोट थोडा वेळ वरच ठेवलं. मग पाठवली.